पत्रेबाई

कार्यशाळेच्या दारात नऊ मुलं दप्तरं पाठीला लावून एका ओळीत उभी होती, आणि कोंडवाड्याकडे गुरं हाकत आणावीत तसे शिपाईमामा त्यांच्यामागे उभे होते.

"बाई, ही घ्या. मोठ्या सरांनी पाठवलीत."

पत्रेबाईंनी हातातली कात्री टेबलावर ठेवली. "कशाला?"

"आजपासून ही तुमची. रोज शेवटचे दोन तास."

"आणि यांचा बाकीचा वर्ग?"

"तो वर. जादा गणिताला." मामा जरा घुटमळले. "ही सहामाहीला गणितात गळालेली ना. सर म्हणाले, तिथं बसून माश्या मारण्यापेक्षा इथं काहीतरी ठोकत बसतील."

मुलं ऐकत होती. एक जण बुटाच्या टोकानं फरशीवरची भेग उकरत होता. दुसरा, ज्याला सगळी शाळा गुणगुण्या म्हणायची, तोसुद्धा आज गप्प होता.

बाईंच्या कानशिलावरची शीर उडायला लागली. ती उडायला लागली की शिक्षक-खोलीतले लोक चहाचे कप घेऊन बाजूला सरकत. "मामा, मोठ्या सरांना सांगा, माझ्याकडे यायची असेल तर सगळी नववी येईल. नाहीतर कोणीच येणार नाही. ही कार्यशाळा आहे, भंगाराची वखार नाही. परत न्या यांना."

"परत?"

"परत."

ओळ वळली. सगळ्यात शेवटी एक उंच मुलगी होती. वर्गात तिला शिडी म्हणत. दारातून जाताना तिनं एकदा मागे वळून बाईंकडे पाहिलं आणि मान खाली घालून ती निघून गेली. बाईंचं त्या नजरेकडे लक्ष नव्हतं. त्या आधीच मनातल्या मनात मोठ्या सरांच्या खोलीत पोचल्या होत्या.

पत्रेबाई हे काही त्यांचं आडनाव नव्हे. पण ते इतकं रुळलं होतं की नवे पालक तेच आडनाव समजून बोलत, आणि बाईही दुरुस्त करत नसत. त्यामागची गोष्ट त्यांच्या नोकरीच्या पहिल्या दिवसाची. यंत्र विषयाची पदविका घेऊन त्या वर्षी बाहेर पडलेली ही एकच मुलगी. कारखान्यांनी तिला दारातूनच परत पाठवलं. एकानं सांगितलं की इथं बायकांसाठी संडास नाही, दुसऱ्यानं तेवढंही कारण दिलं नाही. मग शाळेत जागा निघाली. तेव्हाच्या मुख्याध्यापकांनी नेमणुकीच्या कागदावरून नजर न उचलता विचारलं, "शिवण शिकवणार ना?" त्यावर ही म्हणाली, "शिकवीन की. पण पत्र्याचं." संध्याकाळपर्यंत शाळाभर झालं, आणि ते नाव कपाळी बसलं ते बसलंच.

तेव्हा कार्यशाळा म्हणजे जिन्याखालची अंधारी खोली होती. मोडके बाक तिथं रचलेले असत. बाईंनी ते बाक दुरुस्त करायलाच मुलांना बसवलं. हाच पहिला धडा. पुढं लोखंड पकडायचे व्हाइस आले, कातकामाचं जुनं लेथ यंत्र आलं, विजेच्या जोडणीचे फळे आले. मुलींना टेस्टर धरायला लावला तेव्हा एक आजोबा काठी आपटत आले. "आमची नात वायरमन व्हायची नाहीये!" बाई म्हणाल्या, "नका होऊ देऊ. पण आजोबा, घरातला फ्यूज उडाल्यावर ती अंधारात तुमची वाट बघत बसली, तर तुमचे गुडघे चालतील का स्टुलावर?" मुलांना बटण लावायला आणि डाळ-तांदूळ शिजवायला बसवलं तेव्हा दुसऱ्या बाजूचे लोक आले. बाईंनी त्यांनाही चहा पाजला आणि परत पाठवलं. ऐकायचं सगळ्यांचं आणि करायचं आपल्या मनाचं, हा त्यांचा खाक्या.

शाळेत पहिला संगणक आला त्याची तर दंतकथाच झाली. मुख्याध्यापकांच्या खोलीत, कुलुपात, वर फुलाफुलांचं कापड. चपला काढून आत जायचं आणि लांबून पाहायचं. महिनाभर बाईंनी वाट पाहिली. मग एका दुपारी त्यांनी तो उचलून कार्यशाळेत नेला, वर्गातल्या सगळ्यांना गोल बसवलं आणि पेचकस काढून त्याचं झाकण उघडलं. "बघा. आत देव नाहीये. पंखा आहे, तारा आहेत, आणि माणसानं लावलेले स्क्रू आहेत. माणसानं लावलंय, म्हणजे तुम्हालाही लावता येईल." त्याबद्दल त्यांना लेखी ताकीद मिळाली. संगणक मात्र परत कापडाखाली गेला नाही.

अशी सगळी हयात गेली. पन्नाशी उलटली, केस पिकले, तळहात काही मऊ झाले नाहीत. आणि मग दोन वर्षांपूर्वी हे मोठे सर मुख्याध्यापक म्हणून आले.

मोठे सर वाईट माणूस नव्हते. गणित असं शिकवायचे की मुलं घंटा झाली तरी उठायची नाहीत. पण त्यांना शाळेचा निकाल वर न्यायचा होता. वर्षाच्या सुरुवातीला त्यांनी हुशार तुकडीचे कार्यशाळेचे तास काढून जादा गणिताला दिले. बाई भांडल्या, काही झालं नाही. आता दुसऱ्या तुकडीतूनही पास झालेली मुलं उचलली होती. गाळ उरला होता, तो बाईंच्या दारात आणून ओतला होता.

"बसा," मोठे सर म्हणाले.

"उभी बरी आहे. सर, हा विषय शिक्षा म्हणून द्यायचा नसतो."

"शिक्षा कोण म्हणतंय? त्या मुलांना पुस्तक झेपत नाही. हाताचं काम तरी शिकू देत. तुम्हीच सांगत असता ना, हाताचं काम मोठं."

"मोठं आहे तर तुमच्या पहिल्या नंबराला का नाही देत?"

सरांनी चष्मा काढला. त्यांचा आवाज खाली आला. "बाई, माझे वडील हमाली करायचे. पाठीवर पोती. त्यांचा तळहात गालाला लागला की खरचटायचं. मी शिकलो ते त्या कामातून सुटायला. आणि तुम्ही शिकलेल्या पोरांना परत तिथंच न्यायला निघालात."

हे बाईंना ठाऊक नव्हतं. मग त्या म्हणाल्या, "तुमच्या वडिलांच्या पाठीवर ओझं होतं, सर. त्यांना कोणी कप्पी दाखवली असती, उतार कसा बांधायचा ते दाखवलं असतं, तर पाठ वाचली असती. मी तेच दाखवते. ओझं नाही देत."

सरांनी चष्मा परत लावला. "तुमची मुलगी नववीतच आहे. हुशार तुकडीत. जादा गणिताला नियमित बसते. तिला आणा कार्यशाळेत. मग बाकीच्यांचं बोलू. आधी घरातून सुरुवात करा."

हा घाव बरोबर बसला.

मुलगी उशिरा झालेली, एकुलती एक. बापासारखी शांत आणि आईसारखी हट्टी. शाळेत आईला ती सगळ्यांसारखंच 'बाई' म्हणायची, आणि फाटकाबाहेर पाय पडला की 'आई'. गणिताची तिला मनापासून गोडी होती. जेवतानासुद्धा तिचं बोट ताटाच्या कडेवर काहीतरी मांडत असायचं.

संध्याकाळी स्वयंपाकघरात बाईंनी विषय काढला. मुलीनं सगळं ऐकून घेतलं, मग पाण्याचा पेला खाली ठेवला.

"नाही येणार."

"का? हात काळे होतील म्हणून?"

"आई, लहानपणापासून मी तुझ्या हातोड्यांशी खेळलेय. हात काळे व्हायची मला लाज नाही वाटत. पण तुझं आणि सरांचं भांडण आहे, त्यात मी पुरावा म्हणून उभी राहणार नाही. सर म्हणतात, पत्रेबाईंची मुलगी बघा, गणिताला बसते. तू म्हणशील, माझी मुलगी बघा, कार्यशाळेत येते. मला कोणी विचारलंय का, मला काय आवडतं?"

"मला वाटलं होतं, तू तरी..."

"तूच शिकवलंस ना, मनाला पटेल तेच करायचं? मग आता?"

नवरा विमा कंपनीत कारकून होता. आयुष्यभर त्यानं दोन्ही बाजूंच्या तक्रारी ऐकल्या होत्या, त्यामुळे घरातल्या भांडणात तो पडत नसे. तो फक्त म्हणाला, "पोरगी तुझ्यावरच गेलीय. आता कुणाला बोल लावणार?"

बाईंनी भांडी घासायला घेतली. त्या रागावल्या होत्या, आणि मुलीचं खरं आहे हेही त्यांना कळत होतं. दोन्ही एकाच वेळी पोटात घेऊन भांडी घासणं काही सोपं नसतं. एक पातेलं त्यांनी दोनदा घासलं.

सकाळी त्या कार्यशाळेपाशी आल्या तेव्हा पायरीवर शिडी बसली होती. बाईंना पाहून ती उठली. उठली म्हणजे उठतच गेली, इतकी ती उंच.

"काय गं?"

"बाई, एक विचारू?"

"विचार."

"काल तुम्ही आम्हाला परत का पाठवलंत?"

"तुमच्यासाठीच पाठवलं. तुम्हाला ढ म्हणून इथं धाडलं, ते मला चाललं नाही."

शिडी खाली बघत राहिली. मग एकदम बोलायला लागली, धरण फुटल्यासारखी. "बाई, वरच्या वर्गातून आम्हाला उठवलं तेव्हा सगळे हसले. मला काही वाटलं नाही. मी म्हटलं, बरं झालं, पत्रेबाईंकडे जायला मिळतंय. आणि तुम्ही दारातूनच परत पाठवलंत. वर गेलो तर वर्गावरचे सर म्हणाले, तुम्हाला तर तिथंही कोणी घेत नाही. दोन तास आम्ही जिन्यात बसलो होतो. तुमचं भांडण मोठ्या सरांशी आहे ना? मग मार आम्हाला का?"

बाई पायरीवर खाली बसल्या. कारखान्यांच्या दारातून परत पाठवलेली ती पदविकावाली मुलगी त्यांना आठवली की नाही, कोण जाणे. बारा तासांच्या आत दोन पोरींनी त्यांना तोंडावर तेच सांगितलं होतं.

"चुकलं माझं," त्या म्हणाल्या. "जा, बोलावून आण सगळ्यांना."

त्या दिवसापासून नऊ जण रोज येऊ लागले. बाईंनी पहिल्यांदा त्यांच्याकडून नरसाळं करून घेतलं. कागदाचं नरसाळं कापून उलगडलं, की टेबलावर पंख्याच्या पात्यासारखा आकार पडतो. "हा किती मोठा काढायचा, ते कसं कळणार?" मुलं अंदाजानं कापत, पत्रा वाया जाई, तोंड जुळत नसे. चौथ्या-पाचव्या वेळी गुणगुण्या वैतागून म्हणाला, "बाई, याचं काही सूत्र नसतं का?" बाई त्याच क्षणाची वाट बघत होत्या. "असतं की. वर शिकवतात. तुम्हाला तिथून उठवलंय ते तेच." आणि फळ्याकडे वळल्या.

दुसरीकडे भांडण थांबलेलं नव्हतं. दर शिक्षक-सभेत बाई तोच एक मुद्दा मांडत: सगळी नववी. सभा संपली की कोणीतरी म्हणे, सुंभ जळला तरी पीळ जात नाही. बाई म्हणत, "सुंभ अजून जळलेला नाही."

मग स्नेहसंमेलन आलं. दरवर्षी रंगमंचावरच्या दिव्यांचं काम बाहेरचा मांडववाला करायचा. या वर्षी बाई म्हणाल्या, माझी मुलं करतील.

"विजेचा खेळ आहे," मोठे सर म्हणाले. "काही झालं तर?"

"तर मी जबाबदार."

जेवणाच्या सुट्ट्या त्यात गेल्या. मुलांनी पत्र्याचे डबे कापून दिव्यांना टोप्या केल्या, रंगीत कागद लावले, वायरी ओढल्या, प्रत्येक जोड बाईंना दाखवला. बाईंनी एकच नियम शंभरदा घोकून घेतला होता: मेन बंद करायच्या किंवा चालू करायच्या आधी शिडीवर, खांबावर, तारेपाशी कोणी आहे का ते बघायचं. "आणि आमची शिडी?" गुणगुण्या विचारायचा. "ती जमिनीवरच असते," बाई म्हणायच्या. त्यावर शिडीसुद्धा हसायची.

कार्यक्रमाच्या संध्याकाळी पटांगण भरलं होतं. पहिल्या नाटुकल्यात पहाट झाली ती खरोखर पहाटेसारखी झाली. काळोखातून राखाडी, राखाडीतून केशरी. मागच्या रांगेतून 'अरे वा' ऐकू आलं. पडद्यामागे, मेन स्विचच्या फळ्यापाशी, नऊ जण एकमेकांना कोपरानं ढोसत होते. निवेदन करायला पत्रेबाईंची मुलगी होती. साधा पांढरा पोशाख, हातात कागद, आवाज स्वच्छ.

बक्षीस समारंभाच्या आधी मोठे सर बोलायला उभे राहिले. शाळेचा निकाल, शिस्त, प्रगती. मग ते हसून म्हणाले, "आणि आज ही जी रोषणाई आपण पाहतो आहोत, ती केली आहे आमच्या कच्च्या मुलांनी. होय, अभ्यासात मागे पडलेली, पुस्तक न झेपणारी ही मुलं. प्रत्येकाला बुद्धी नसते, पण हात तर असतात! या नऊ जणांनी आता पुढं यावं, म्हणजे पाहुण्यांना त्यांना पाहता येईल."

पडद्यामागे कोणी हललं नाही. गुणगुण्यानं आपल्या आईवडिलांना मुद्दाम पुढच्या रांगेत बसवलं होतं. त्याचा चेहरा असा झाला की बाईंना त्याच्याकडे बघवेना. शिडीच्या हाताला काळी चिकटपट्टी अजून तशीच चिकटलेली होती; ती पट्टी सोलून काढायला लागली.

"जायचं का, बाई?" तिनं विचारलं.

"नाही."

बाईंनी वर पाहिलं. दिवे बांधायच्या उंच लाकडी घोड्यावर कोणी नव्हतं. खांबापाशी कोणी नव्हतं. तारेला कोणाचा हात लागलेला नव्हता. त्यांनी सगळं नीट पाहून घेतलं, आणि मेन खाली ओढला.

पटांगण काळंकुट्ट झालं. ध्वनिक्षेपकही गेला. मोठ्या सरांचं वाक्य अर्ध्यावर लोंबकळत राहिलं. मुलांनी आधी आनंदानं आरोळी ठोकली, मग कुजबुज, मग खुर्च्यांचा आवाज. त्या अंधारात रंगमंचाच्या कडेवरून पत्रेबाईंचा आवाज आला. लेथच्या घरघरीवर मात करत उभा जन्म कमावलेला आवाज. त्याला ध्वनिक्षेपक लागत नव्हता.

"जागेवरच बसा. घाबरू नका, बिघाड झालेला नाही. दिवे मी बंद केलेत. आज संध्याकाळपासून तुम्ही जे काही पाहिलंत, ते या नऊ मुलांमुळे पाहिलंत. आता थोडा वेळ त्यांच्याशिवाय कसं दिसतं तेही बघा." ती एवढी मोठी गर्दी गप्प झाली. "ही मुलं कच्ची नाहीत. बुद्धी एका खोलीत आणि हात दुसऱ्या खोलीत, असं माणूस कापून ठेवता येत नाही. त्यांना काही आलं नसेल तर शिकवणारे आम्ही कमी पडलोय. ती पुढं येणार नाहीत. त्यांना बघायचं असेल तर त्यांचं काम बघा." मग मागे वळून त्या हळू म्हणाल्या, "शिडी, बघून घे आणि लाव."

दिवे आले. मोठे सर तिथंच उभे होते, कागद छातीशी धरून. बाईंची मुलगी त्यांच्या शेजारी ताठ उभी होती आणि समोर बघत होती. टाळ्या लगेच वाजल्या नाहीत. मग मागून एका बाईचा आवाज आला, "बरोबर बोलल्या!" आणि इकडून तिकडून वाजल्या. सगळ्यांनी काही वाजवल्या नाहीत. पुढच्या रांगेतल्या पाहुण्यांनी तर मुळीच नाही.

घरी जाताना मायलेकी एकमेकींशी चकार शब्द बोलल्या नाहीत. मुलीला भर मंचावर अंधारात उभं केलं, ही बोच बाईंना होती. तिचा राग समजण्यासारखा होता. बाईंनी तो तसाच राहू दिला.

चौकशीला संस्थेचे अध्यक्ष, चिटणीस आणि मोठे सर असे तिघे बसले होते. अध्यक्ष म्हातारे, भांडणाला कंटाळलेले. "बाई, एवढी वर्षं काम केलंत. माफी लिहून द्या, विषय संपवू."

"कशाची माफी, तेवढं सांगा."

"भरल्या कार्यक्रमात अंधार केलात."

"त्याची मागते. लहान मुलं होती. कोणी धडपडलं असतं तर मला कुणाला तोंड दाखवता आलं नसतं. लिहून देते."

"आणि जे बोललात ते?"

"ते बोलले ते बोलले. त्याची नाही देणार. आणि तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, सगळी नववी कार्यशाळेत आली पाहिजे, हे माझं म्हणणं अजूनही आहे."

चिटणिसांनी कपाळाला हात लावला. मोठे सर उसळले. "बघा! हे असं आहे. आणि घरातही तेच. यांच्या मुलीला निवेदनात ते कच्च्या मुलांचं वाक्य मीच लिहून दिलं होतं. तालमीत मला म्हणते, सर, हे मी म्हणणार नाही. समजावलं, रागावलो, दुसऱ्याला निवेदन देईन म्हटलं. म्हणाली, द्या. पण हे खोटं आहे, मी म्हणणार नाही. एवढीशी पोरगी! शेवटी मला स्वतः म्हणावं लागलं."

पत्रेबाई चौकशी सुरू झाल्यापासून उभ्या होत्या. बसा म्हटलं तरी बसल्या नव्हत्या. आता त्यांनी मागची खुर्ची चाचपली आणि त्या बसल्या.

"पाणी देऊ का?" अध्यक्षांनी विचारलं.

"नको," बाई म्हणाल्या. "मी बरी आहे. फार बरी आहे."

घरी आल्यावर त्यांनी मुलीला विचारलं, "मला का नाही सांगितलंस?"

"तुझ्यासाठी केलं नव्हतं," मुलगी वहीतून मान वर न करता म्हणाली. "आठवीपर्यंत शिडी माझ्या शेजारी बसायची, तुकड्या वेगळ्या व्हायच्या आधी."

निर्णय यायला वेळ लागला नाही. नव्या वर्षापासून बाईंची बदली संस्थेच्या दुसऱ्या शाळेत. ती शाळा लहान, गावाच्या टोकाला. तिथं तंत्र विषय नाही, कार्यशाळा नाही. बाईंनी चित्रकला घ्यायची आणि मधल्या सुट्टीत पोरांवर लक्ष ठेवायचं. इथल्या कार्यशाळेची अभ्यासिका होणार. अवजारं जिकडे खपतील तिकडे, यंत्र भंगारात.

वर्ष संपेपर्यंत नऊ जण येत राहिले. निकालात त्यांतले बरेच गणितात सुटले. गुणगुण्या सुटला. शिडी पुन्हा गळाली. हातानं तिला शंकू डोळे मिटून यायचा. परीक्षेच्या कागदावर काही आला नाही. ती सांगायला आली तेव्हा डोळे सुजलेले होते, पण मान वर होती.

"पुन्हा बसणारे, बाई. सर म्हणाले, तुला जमणार नाही. मी म्हटलं, बघू."

"बघूच," बाई म्हणाल्या. "रविवारी घरी येत जा. माझी मुलगी शिकवेल. मला विचारशील तर मी ते सूत्र अजून बोटांवरच मोजते."

सुट्टीत एका सकाळी बाई किल्ली परत करायला शाळेत गेल्या. मुलगी बरोबर आली होती. कशाला येतेस म्हटलं तर म्हणाली, अशीच. फळे भिंतींवरून उतरले होते. जिथं जिथं अवजार टांगलेलं असे तिथं तिथं भिंतीवर त्याचा फिका आकार उरला होता: करवतीचा, रंध्याचा, लहानमोठ्या पान्यांचा. लेथ मात्र जागेवर होतं. उचलायला माणसं दुसऱ्या दिवशी येणार होती.

बाईंनी पदर खोचला. कोपऱ्यातून तेलाची बुधली शोधून काढली, जुनं फडकं घेतलं आणि यंत्राच्या फटींतला कीस साफ करायला लागल्या. मुलीनं खिडकीजवळचं एक खोकं ओढलं, त्यावर बसून वही उघडली आणि आपली गणितं काढली.

शिपाईमामा किल्ली न्यायला आले ते दारातच थांबले.

"बाई, हे भंगारात चाललंय."

"ठाऊक आहे."

"मग तेल कशाला घालताय?"

"चाललंय, मामा. अजून गेलेलं नाही." त्यांनी चाक हातानं एकदा सावकाश फिरवलं, कान लावून ऐकलं आणि आणखी एक थेंब सोडला. "दार लोटून घ्या जरा. धूळ येतेय."

मामांनी दार लोटलं. आतून फडक्याचा आवाज येत राहिला, आणि मध्येच कधीतरी वहीचं पान उलटल्याचा.